आठ तासांचा कुकर

मित्रांनो, मी एक जुना स्लो कुकर आहे. कुकर म्हटल्यावर तुम्ही शिट्टीची वाट पाहाल, तर पाहू नका. मला शिट्टी नाही. माझे पोट चिनी मातीचे, अंगरखा पत्र्याचा आणि दोघांच्या मध्ये विजेची तार गुंडाळलेली. सकाळी बटण दाबावे आणि संध्याकाळी जेवायला बसावे, असे माझे काम. उभ्या आयुष्यात मी कधी आवाज केला नाही. एकेकाळी मला याचा फार अभिमान वाटे. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म उल्हासनगरचा, १९८७ सालचा. कॅम्पातल्या एका गल्लीत टेकचंद शेठ नावाच्या सिंधी गृहस्थांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे वर राहते घर आणि खाली पत्रा कापायचे मशीन. शेठच्या मेहुण्याने परदेशातून विजेचे एक भांडे आणले होते. शेठने ते दोन दिवस खोलून पाहिले आणि कारागिरांना म्हणाले, "इसमें है क्या? मटका, तार और पत्रा. अपन भी बनाएंगे." लोणच्याच्या बरण्या करणाऱ्या भट्टीतून माझे पोट आले. बादल्यांच्या पत्र्यातून अंगरखा निघाला. आम्ही बारा भावंडे जन्मलो. सोबतची इंग्रजी पुस्तिका मात्र शेठने त्या परदेशी भांड्याचीच जशीच्या तशी छापून घेतली. तिच्यात दोन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या. एक, आठ तास शिजवावे. दुसरी, मध्ये झाकण उघडू नये.

ती पुस्तिका ज्याने लिहिली, त्याच्या गावात वीज जात नसावी.

खोक्यावरचे चित्रही परदेशीच होते. ताटात रचलेले पोर्क चॉप्स, म्हणजे डुकराच्या बरगडीचे हाडासकट कापलेले जाड तुकडे. दुकानदाराने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. "शेठ, इधर ये फोटो देखके कौन लेगा?" त्याने चित्रावर राजम्याच्या पाकिटाचा कागद चिकटवला. त्या राजम्याखाली मी दीड वर्ष दुकानात बसून होतो. ज्या देशात तीन शिट्ट्यांत डाळ होते, तिथे आठ तास कोण थांबणार? टेकचंद शेठ मात्र निवांत. म्हणायचे, "साईं, धीरे पकाता है, धीरे ही बिकेगा."

शेवटी मला घेतले ते दिनानाथ साहेबांनी. साहेब अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. कारखान्याने त्यांना सहा महिने जर्मनीला शिकायला पाठवले होते. तिथे ते ज्या म्हाताऱ्या बाईंकडे राहत, त्या दर बुधवारी चॉप्स करत. दुकानात उभे असताना साहेबांनी सहज कागदाचा कोपरा नखाने उचकटला, खालचे चित्र पाहिले आणि भाव न करता मला उचलले.

साहेबांचे घर बदलापूरला, बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. घरात त्यांची पत्नी सुनेत्राबाई आणि मुलगी ऋजुता. सुनेत्राबाई उल्हासनगरच्या एका शाळेत गणित शिकवत आणि ऋजुताही त्याच शाळेत जाई. सुनेत्राबाई मांसाहारात कोंबडीपर्यंत आलेल्या होत्या, पण डुक्कर म्हटल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. "शी! ते कुठे कुठे फिरतं, काय काय खातं!" साहेब म्हणाले, "अगं, हे पाळलेलं असतं, दुकानातलं." पहिल्यांदा बाईंनी नाक मुरडून एक घास घेतला. मला त्यांची टिंगल करायची नाही, पण तिसऱ्या खेपेला हाड चोखताना मी त्यांना पाहिले आहे.

ती माझी चांगली वर्षे. एरवी मी छोले शिजवी, दूध आटवी, हरभऱ्याची उसळ करी. महिन्यातून एकदा साहेब कल्याणहून चॉप्स आणत. त्यांना मीठ, मिरपूड आणि व्हिनेगर चोळून ठेवत. सकाळी तळाला कांद्याच्या जाड चकत्या, वर चॉप्स, त्यावर टोमॅटो आणि दोन लवंगा. संध्याकाळी दार उघडले की वासाने ऋजुता दप्तर जिन्यातच टाकून धावत येई. पाहुणे आले की साहेब माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणत, "हा आमचा जर्मन!" मी उल्हासनगरचा आहे हे सांगायला मला तोंड नव्हते, आणि खरे सांगायचे तर सांगायची इच्छाही नव्हती.

मला रोज सुरू करायची ती चंद्री. चंद्री बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची. पहाटे निघून चालत यायची. बिल्डिंगमधली चार घरे तिच्याकडे होती आणि आमचे घर शेवटचे. सगळे बाहेर पडल्यावर ती भांडी उरकी, माझे बटण दाबी, लादी पुसी, दाराला कुलूप लावी आणि नदीकाठच्या भाजीच्या मळ्यात खुरपणीला जाई. संध्याकाळी सहाला परत येई. आमच्या घराची एक किल्ली तिच्या कमरेला असे. तिची मुलगी सोनी ऋजुताच्याच वयाची. तिला चंद्रीने बदलापूरच्या शाळेत घातले होते. पाड्यावरून शाळेत जाणारी ती पहिली मुलगी, आणि हे सांगताना चंद्री पदर नीट करून घेई.

बटण दाबून ती कधी लगेच गेली नाही. आधी लादी पुसायची, मग येऊन आपला तळवा माझ्या पोटावर ठेवायची. ऊब लागली की मगच कुलूप. एकदा सुनेत्राबाईंनी विचारले, "चंद्री, लाल दिवा लागतो की! हात कशाला लावतेस?"

"दिव्याचा काय भरवसा वहिनी? आमच्या पाड्याव लाइटच नाय. आमी हातानंच बघतो."

मित्रांनो, त्या तळव्याला भेगा होत्या. पण माझ्या पोटावर इतक्या काळजीने दुसऱ्या कोणी हात ठेवल्याचे मला आठवत नाही.

मार्च १९९२ मधला एक बुधवार. ऋजुताचा नववा वाढदिवस. साहेबांनी आदल्या दिवशीच सहा चॉप्स आणले होते. सकाळी सुनेत्राबाईंनी ते माझ्यात रचले. मायलेकी शाळेला गेल्या. साडेआठला चंद्रीने बटण दाबले, लादी पुसली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि स्वतःशीच "हां" म्हणून ती गेली.

सव्वादहाला वीज गेली.

बदलापुरात वीज जाणे ही काही बातमी नव्हती, कोणी कोणाला सांगतही नसे. मीही आधी मनावर घेतले नाही, येईल म्हटले. अकरा वाजले, बारा वाजले. माझ्या पोटातली ऊब ओसरायला लागली. गार झाले असते तरी बरे होते. पण मार्चची दुपार, बंद घर, झाकण घट्ट. मांस ना शिजत होते ना गार होत होते. कोमट पाण्यात पडून राहिले होते. मांसाला सगळ्यात वाईट काय, तर हेच. मला ते कळत होते. आतला वास बदलत होता, फार थोडा, माझ्याशिवाय कोणाला न कळणारा. मी काय करणार? प्रेशर कुकर असतो तर निदान शिट्टी तरी वाजली नाही म्हणून कोणी विचारले असते. वीज तीनला आली. मी जीव खाऊन तापायला लागलो, पण माझा जीव तो किती!

साडेपाचला मायलेकी आल्या. फ्रिजवर विजेवर चालणारे आकड्यांचे घड्याळ होते. वीज जाऊन आली की ते बारापासून पुन्हा मोजायला लागे आणि त्याचे आकडे लुकलुकत राहत. त्या दिवशी ते अडीच दाखवत लुकलुकत होते. ऋजुता हसली. "आई, बघ ना, माझ्या वाढदिवसाला हे अडीचच म्हणतंय!"

"मेलं ते घड्याळ," सुनेत्राबाई म्हणाल्या. मनगटावरच्या घड्याळात पाहून त्यांनी ते नीट लावले. आठवड्यातून तीनदा त्या हेच करत, त्यामुळे त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. मग पुस्तिकेप्रमाणे आठाच्या जागी नऊ तास झाले म्हणून त्यांनी माझे बटण बंद केले.

सहाला चंद्री आली. तिने झाकण उघडले, चमच्याने एक चॉप उचलून पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"वहिनी, मास अजून हाडाला धरून हाय. कच्चा हाय त्यो."

साहेब आतून आले. कधी नव्हे ते लवकर घरी आले होते. "काय झालं?"

"सायब, आमच्याकडं रानडुक्कर शिजवतात ना, हाड आपोआप सुटला पायजे. तवर कोन हात लावत नाय. अजून घंटाभर गॅसवर ठेवू का?"

साहेब हसले. "चंद्री, हे काय तुमचं रानडुक्कर आहे? चॉप असाच खातात, सुरीने कापून. आठ तास लिहिलेत, नऊ झालेत." त्यांनी सुरी लावून एक तुकडा कापला. रंग तर शिजल्यासारखाच होता. शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, अशी म्हण आहे. इथे तर शिजेपर्यंतही कोणाला दम नव्हता. ऋजुताला ओवाळले गेले. चार चॉप्स ताटात गेले. दोन चंद्रीच्या डब्यात घातले, सोनीसाठी म्हणून.

पहाटेपर्यंत तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. साहेब आणि बाई सावरले. ऋजुताला दवाखान्यात न्यावे लागले. तीन दिवस सलाइन होते. डॉक्टर म्हणाले, "मांस अर्धवट शिजलंय आणि बराच वेळ कोमट राहिलंय. मुलीला आणायला अजून उशीर झाला असता, तर अवघड होतं." हे मला कळले ते साहेबांच्या तोंडून. ते घरी कपडे न्यायला आले होते आणि स्वयंपाकघरात उभे राहून मोठ्याने बोलत होते. नऊ तास ठेवलेले मांस कच्चे राहीलच कसे? माझ्याकडे पाहून पाहून ते हाच प्रश्न विचारत होते. उत्तर माझ्या पोटात होते आणि तोंड मला नव्हते.

मग त्यांना वाटले की उत्तर सापडले.

"सुनेत्रा," दवाखान्यातून सगळे घरी आले त्या सकाळी ते म्हणाले, "चंद्रीला कसं कळलं ते कच्चं आहे? चमच्याने नुसतं उचललं आणि लगेच बोलली. तिला आधीच माहीत होतं. सकाळी बटण दाबायला विसरली असणार. दुपारी कधीतरी येऊन सुरू केलं असणार. किल्ली तर तिच्याकडेच आहे."

पाहा मित्रांनो, माणसाची अक्कल कशी चालते! तिने सावध केले, तोच तिच्यावरचा पुरावा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि इथे चोर कोण? कुठेतरी तुटलेली एक तार आणि परक्या गावात लिहिलेले एक पुस्तक.

चंद्री रोजच्यासारखी आली, ती जिन्यातच अडवली गेली. सुनेत्राबाईंचे डोळे तीन दिवसांच्या जागरणाने लाल झाले होते. त्यांच्या आवाजाने सगळ्या मजल्यांची दारे उघडली. "माझी पोरगी मारली असतीस तू! कधी दाबलंस बटण? खरं सांग!"

दार उघडे होते. ओट्यावरून मला सगळे दिसत होते.

"देवाशपथ वहिनी, तुमी गेल्याव लगेच. हात लावून बघला व्हता मी."

"मग कच्चं राहिलं कसं?"

"ते मना काय ठाव? मी तर सांगलं ना, घंटाभर ठेवू म्हनून. आमचे दोन तुकडे मी घरी चुलीवर पुन्हा शिजवले. सोनीनं खाल्लं, तिला काय नाय झालं."

"म्हणजे माहीत होतं तुला! स्वतःच्या पोरीला शिजवून घातलंस आणि माझ्या पोरीला तसंच खाऊ दिलंस!"

चंद्री कमरेची किल्ली सोडू लागली. गाठ सुटेना. खालच्या मजल्यावरच्या मालिनीताई कठड्यापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ज्यांच्या घरी लाइट नाही त्यांना बटणाचं काय कळणार? चंद्री, आमच्याकडेही उद्यापासून नको येऊस बाई. आमच्याकडे लहान मूल आहे." आठवड्याच्या आत बाकीची दोन घरेही गेली. पुढे असे कानावर आले की चंद्री पालेगावकडे, नव्या बिल्डिंगांच्या कामावर विटा वाहायला जाते. सोनीही तिच्याबरोबर जाते. शाळा सुटली.

मी माळ्यावर गेलो. मला घासलेही नव्हते. सात महिने वर पडून मी एकच गोष्ट घोकत होतो. वीज गेली होती. सव्वादहाला वीज गेली होती. झुरळांनासुद्धा पाठ झाले असेल, पण खाली काही पोचत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मायलेकी शाळेतून आल्या. फ्रिजवरचे घड्याळ लुकलुकत होते. सुनेत्राबाईंनी सवयीने हात पुढे केला. ऋजुता म्हणाली, "आई, माझ्या वाढदिवसाला पण हे असंच करत होतं. अडीच म्हणत होतं. आठवतं?"

सुनेत्राबाईंचा हात घड्याळावरच राहिला. शेकडो मुलांना गणित शिकवलेली बाई ती. आपण साडेपाचला आलो, घड्याळ अडीच म्हणत होते, म्हणजे वीज तीनला आली होती. मग गेली कधी? त्या बोटांवर तास पुन्हा पुन्हा मोजू लागल्या. ऋजुता घाबरली. "आई, काय झालं?" बाई नुसत्या म्हणत राहिल्या, "मी स्वतःच नीट लावलं गं ते. माझ्याच हाताने."

साहेबांना सांगितले. ते म्हणाले, "आता उकरून काय करायचं? पोरगी बरी झाली ना?" सुनेत्राबाईंना ते पटले नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी त्यांनी एका पिशवीत साडी, लाडू आणि सोनीसाठी वह्या भरल्या. साहेबांनी मला माळ्यावरून काढून दिले. "हाही देऊन टाक. मला तो घरात नको." मी रिक्षात बसलो, मग बाईंच्या कडेवर. पाड्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती.

चंद्री भात झोडत होती. तिने घोंगडी अंथरली, पाणी दिले. सुनेत्राबाईंनी सगळे सांगितले. घड्याळ, अडीच, तीन. रडल्या. "चुकले गं मी, चंद्राबाई. तुझा काहीही दोष नव्हता. हे ठेव. हा कुकरही ठेव, तुझ्या हाताच्या सवयीचा आहे."

चंद्रीने माझ्याकडे पाहिले आणि तिला हसू आले. "वहिनी, आमच्याकडं लाइट कुठं हाय?"

बाई ओशाळल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून ये कामाला."

चंद्रीने हातातली पेंढी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही.

"तुमी हितं येऊन बोललात, बरा झाला. पन हितं कोन मना खोटी म्हनलं व्हतं? हितं सगळ्यांना ठाव हाय मी कशी हाय ते. तुमी जिन्यात बोललात, सगळी दारं उघडी व्हती. मंग जिन्यातच सांगा. मालिनीताईंना सांगा, सगळ्यांना सांगा. त्या बोलवतील तवा मी येन. सोनीला पन परत शाळेत घालीन."

"सांगते," सुनेत्राबाई म्हणाल्या. "नक्की सांगते."

मला वाटते, त्या वेळी त्यांना ते मनापासून वाटत होते. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण थंडी गेली, भाताचे पेंढे संपले, उन्हाळा गेला. पाड्याच्या वाटेवर कोणी शहरातले दिसले की चंद्री हातातले काम थांबवून पाही. बिल्डिंगमधून बोलावणे आले नाही. एकदा मालिनीताई बाजारात तिच्या समोरून आल्या आणि त्यांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. हे चंद्रीने शेजारणीला सांगितले, तेव्हा ती हसत होती, पण ते हसू मला आवडले नाही.

त्या दिवाळीला आता चार वर्षे होतील. पाड्यावर अजून वीज नाही. माझी तार उंदरांनी खाल्ली, अंगरख्याला गंज चढला. चंद्री माझ्यात मीठ ठेवते. सोनीने त्या वह्या पुरवून पुरवून वापरल्या आणि आता त्यांचीही पाने संपली आहेत. तेराव्या वर्षी ती विटांचे घमेले न लवंडता उचलते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला घासूनपुसून ठेवा. मला तसे काही म्हणायचे नाही. मीठ ठेवायला मी ठीक आहे. मला एवढेच सांगायचे आहे की त्या बुधवारी मी गप्प राहिलो, कारण मी भांडे आहे. सुनेत्राबाईंना तोंड होते. तुम्हालाही आहे. कोणावर चारचौघांत खोटा आळ घेतलात आणि चूक कळली, तर एकट्यात जाऊन रडून मोकळे होऊ नका. ज्या जिन्यात बोललात, त्याच जिन्यात उभे राहा. दारे उघडी असताना सांगा.

चंद्री मीठ काढायला येते, तेव्हा अजूनही सवयीने माझ्या पोटावर तळवा ठेवते. ऊब लागत नाही. ती "हां" म्हणत नाही, मूठभर मीठ घेते आणि वाटेकडे एकदा पाहून चुलीकडे जाते.